माळढोकाला झाडं नकोत

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाकडे पाहून कुणी ‘पडीक जमीन’ म्हणालं की वाईट वाटतं. मुरमाड जमीन, गुडघाभर कुसळी गवत, मधूनच एखादी बोराटी, नजर पोहोचेल तिथवर मोकळं रान: माळढोकाला नेमकं हेच लागतं. मीटरभर उंचीचा हा पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. तो जमिनीवरच चरतो, मादी अंडंही उघड्या जमिनीवरच घालते. धोका लांबून दिसला पाहिजे, आणि झाडी वाढली की तो दिसत नाही.

हे समजून घेण्यात अभ्यासकांची उमेदीची वर्षं गेली. डॉ. असद रहमानी १९८० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत रुजू झाले आणि माळढोकाच्या मागे लागले. मध्य प्रदेशातलं करेरा, आंध्रातलं रोल्लापाडू, राजस्थानचं वाळवंट आणि आपलं नान्नज. पुढे १९९७ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले, तरी माळरानांची बाजू मांडणं त्यांनी सोडलं नाही.

या अभ्यासात लपणात बसून तासन्‌तास दुर्बीण धरावी लागते. विष्ठा सुकवून, फोडून पाहावी लागते. भुंग्यांची कठीण कवचं, नाकतोड्यांचे पाय, बोराच्या बिया सापडल्या की पक्ष्याचा आहार कळतो. पावसाळ्यात नर उंचवट्यावर येतो, गळ्याची पिशवी फुगवून खाली लोंबती सोडतो आणि घुमतो. मादी मात्र बहुधा एकच अंडं घालते आणि जवळजवळ महिनाभर एकटीच उबवते. म्हणून एक पक्षी गेला तरी भरपाईला वर्षं लागतात. विजेच्या तारा तर काळच. डोळे बाजूला असल्याने समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळत नाही.

१९७९ मध्ये नान्नजसह या भागात माळढोकासाठी अभयारण्य झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, खरेदी-विक्री अडली आणि पक्ष्याबद्दल लोकांच्या मनात राग साचला. हा राग मला रास्त वाटतो. नंतर क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोवर उसाने आणि तारांनी माळ तोडला होता.

आज रानात दीडशेच्या आतबाहेर माळढोक उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. तिथे २०१९ पासून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालू आहे. ती पिल्लं कधीकाळी इकडे सोडायची म्हटली, तर आधी माळ तयार हवा. माळावर लावलेली ग्लिरिसिडियासारखी झाडं काढणं, गवताला बी धरू देणं, धनगरांसोबत बसून मेंढरांच्या चराईच्या पाळ्या ठरवणं, ही कामं नान्नजला आत्ताही करता येतात.