ग्रुपने ट्रेकला निघण्याआधी: बुटांविषयी थोडं सविस्तर

दिवाळीच्या सुट्टीआधी आणि पुन्हा एप्रिलमध्ये साताऱ्यातल्या आमच्या बुटांच्या दुकानात एक ठरावीक मागणी येते. ग्रुपमधला एकजण येतो, हातात चिठ्ठी असते: सात नंबरचे चार जोड, आठचे पाच, नऊचा एक. "सगळे एकसारखे द्या, आणि जरा कमी करा." अशी ऑर्डर आम्ही घेत नाही. टी-शर्ट सगळ्यांना एकसारखे शोभतात, बुटांचं तसं नाही. याचं कारण दुकानाच्या गर्दीत नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

चिठ्ठीवरचा नंबर फक्त पायाची लांबी सांगतो. आपल्याकडच्या दोन नंबरांत साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. चवडा किती रुंद, पायाची वरची बाजू किती उंच, टाच किती निमुळती, यातलं काहीच त्यात कळत नाही. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेवर वावरलेल्या माणसाचा पंजा बहुधा पसरट असतो. अरुंद बांधणीचा बूट त्याला करंगळीशी चावतो, मग तो एक नंबर वाढवून घेतो. चवडा सैल होतो खरा, पण आता टाच प्रत्येक पावलाला आत वर-खाली होते आणि फोड तिथे येतो. अशा पायाला मोठा बूट नको, रुंद बूट हवा. दोन सख्ख्या भावांनाही एकच बूट बसेल असं नसतं. इतकंच काय, एकाच माणसाचे दोन पाय थोडे लहान-मोठे असतात. माप नेहमी मोठ्या पायाचं धरायचं.

म्हणून प्रत्येकाने स्वतः यावं, आणि शक्यतो संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजतात, ट्रेकवरही तसेच सुजणार असतात. ट्रेकला घालणार तेच मोजे आणा. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात, तेव्हा लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. बूट घालून नाडी सुटी ठेवा, पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाडी आवळा. दुकानात दहा किलो वाळू भरलेली एक सॅक आणि उतरती फळी मुद्दाम ठेवली आहे. सॅक पाठीवर घेऊन फळीवर उताराकडे तोंड करून उभे राहा, दोनदा पाय आपटा. अंगठा पुढे टेकला तर तो बूट नको, कितीही आवडला असला तरी. चढताना कुणाची नखं काळी पडत नाहीत, उतरताना पडतात.

कुठे जाताय हे आम्ही आधी विचारतो. बामणोलीहून लाँचने जाऊन संध्याकाळपर्यंत वासोटा करून परत यायचं असेल, तर पाठीवर पाणी आणि डबा, एवढंच. घोट्याखालचा, चांगल्या पकडीचा हलका बूट पुरतो. राजगड-तोरणा मुक्कामासह करायचा तर सॅक जड होते आणि घसाऱ्याच्या वाटा लागतात. तिथे सोल कडक हवा, खाचा खोल हव्यात. हिमाचलात सारपासला मे महिन्यातही बर्फ तुडवावा लागतो. त्यासाठी मात्र घोट्यावर येणारा वॉटरप्रूफ बूटच घ्या.

वॉटरप्रूफवरून आमचा बऱ्याच ग्राहकांशी वाद होतो. पावसाळ्यात कास-ठोसेघरकडे फिरायला तो बूट आम्ही सुचवत नाही. आपल्याकडच्या पावसात पाणी पँटवरून ओघळत वरूनच बुटात शिरतं. बाहेरचं पाणी आत येऊ न देणारं अस्तर आत गेलेलं पाणीही बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पाय डबक्यात राहतो, आणि बूट दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. त्यापेक्षा जाळीचा बूट बरा. भिजतो, पण पाणी निथळून जातं.

आपल्या कातळाचं एक वेगळंच आहे. मुरमावर खाचा पकडतात, पण ओल्या कातळावर रबर पकडतं. रबर फार कडक असेल तर खाचा कितीही खोल असोत, पाय सटकणार. सोल नखाने दाबून बघा, किंचित दबला पाहिजे. शेवाळावर मात्र कुठलाच बूट भरवशाचा नाही, तिथे वाट बदलावी किंवा बसून उतरावं.

"हिल मॅरेथॉनचे बूट आहेत, चालतील का?" हा खास साताऱ्याचा प्रश्न, इथल्या डोंगरावरच्या धावशर्यतीमुळे येणारा. एका दिवसाच्या हलक्या ट्रेकला चालतील. दहा-बारा किलोच्या सॅकखाली मात्र त्यांचा मऊ फोम दबतो आणि दगडांवर पाय डगमगतो. उंच बूट घातला म्हणजे पाय मुरगळत नाही, असंही आम्ही सांगणार नाही. घोट्याला दगड लागत नाही, खडे आत शिरत नाहीत, एवढा फायदा नक्की आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माळ्यावरचे जुने बूट. काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण मधुमकरंदगडाला गेलो होतो. एका मित्राचे बूट पाच वर्षं खोक्यात होते, दिसायला कोरे. दुपारी उतारावर डाव्या बुटाची टाच सुटली. उचकटून पाहिलं तर आतल्या फोमचा शिळ्या भाकरीसारखा चुरा हातात आला. नाडीने बांधलं, मग नायलॉनच्या दोरीने. दोरी दगडावर घासून तुटायची, पुन्हा सगळे थांबायचे. तासाभरात उजवाही गेला. दिवसाउजेडी गावात पोहोचणारे आम्ही नऊही जण बॅटरीच्या उजेडात उतरलो. बूट एकाचा तुटला होता, चाल नऊ जणांची मोडली.

हा दोष वापराचा नसतो. अनेक ट्रेकिंग बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि हवेतली दमट ओल तो हळूहळू आतून कुजवते. बूट पायात असला तर फोम दबत राहतो आणि थोडा टिकतो. नुसता ठेवून दिला तर लवकर जातो. म्हणून निघण्याच्या तीन आठवड्यांहून आधीच ग्रुपमधल्या सगळ्यांचे बूट, जुने-नवे, एकत्र घेऊन या. आम्ही वाकवून, दाबून, शिवण बघून देतो. त्याचे पैसे घेत नाही, बूट आमच्याकडचे नसले तरी.

नवे बूट निदान तीन आठवडे आधी घ्या. पहिले दोन दिवस घरात फरशीवर, मग 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत, मग भरलेली सॅक घेऊन अजिंक्यतारा. शेवटी सज्जनगडाच्या पायऱ्या उतरून बघा, बूट कुठे चावतो ते तिथे हमखास कळतं. चामड्याच्या बुटाला याहून जास्त दिवस द्यावे लागतात. नखं दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. उतरण सुरू होण्याआधी टाच मागे ठोकून बसवा आणि घोट्यापाशी नाडीला दुहेरी पीळ देऊन आवळा.

ग्रुप लीडरना एक विनंती. चालायला लागल्यावर अर्ध्या तासाने सगळ्यांना थांबवा आणि प्रत्येकाला विचारा, कुठे चुरचुरतंय का. आपल्यामुळे सगळे खोळंबतील या संकोचाने माणसं गप्प राहतात, विशेषतः नवखी. चुरचुरतंय तोवर चिकटपट्टी लावली की काम होतं, फोड आल्यावर दोन दिवस लंगडावं लागतं. ग्रुपच्या सामानात चिकटपट्टीचं एक रीळ, नाड्यांचा एक जादा जोड, तीन मीटर दोरी आणि पट्ट्यांच्या सँडलचा एक जोड असू द्या.

घरात घालून पाहिलेला आणि रस्त्यावर न नेलेला जोड आम्ही आठ दिवसांत बदलून देतो. येताना बिल आणि खोकं दोन्ही आणा.