कर्नलमधील हार्डवेअर-आधारित मेमरी संरक्षण

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरीचा कुठला भाग कोणी वाचायचा, कोणी लिहायचा आणि कुठला कोड चालवू द्यायचा, ही तपासणी प्रत्येक वेळी प्रोसेसरकडूनच करून घेण्याच्या व्यवस्थेला हार्डवेअर-आधारित मेमरी संरक्षण म्हणतात. महापे, रबाळे, ऐरोली या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक) चालतात आणि प्रत्येकीचा कर्नल वेगळा असतो. प्रोसेसरमध्ये सोय आहे एवढ्यावर तिथे भागत नाही. ती त्या कर्नलपर्यंत पोहोचली आहे का, हे पाहावेच लागते.

इंटेलच्या ८०२८६ मध्ये (१९८२) अधिकाराच्या चार पातळ्या आल्या, ८०३८६ मध्ये (१९८५) पेजिंग (मेमरीची ठरावीक आकाराच्या पेजमध्ये विभागणी) आले. लिनक्स आणि विंडोज प्रत्यक्षात दोनच पातळ्या वापरतात : कर्नलसाठी ०, बाकीच्या प्रोग्रॅमसाठी ३. मेमरीचे ४,०९६ बाइटचे पेज पाडलेले असतात. ६४-बिट प्रोसेसरवर प्रत्येक पेजची पेज-टेबलात (पेजांच्या नोंदवहीत) ८ बाइटची नोंद असते आणि परवानग्या तिच्यातच असतात. बिट ० म्हणजे पेज हजर आहे, बिट १ लिहिण्याची मुभा, बिट २ साध्या प्रोग्रॅमला प्रवेश. बिट ६३ (एनएक्स) लावला की त्या पेजातला कोड चालत नाही. हा बिट एएमडीने २००३ मध्ये ६४-बिट प्रोसेसरबरोबर आणला.

या बिटांनी प्रोग्रॅमला कर्नलच्या मेमरीबाहेर ठेवले, पण कर्नलला प्रोग्रॅमच्या मेमरीत जायला आडकाठी नव्हती. हल्लेखोर नेमका तोच रस्ता धरत. कर्नलमधला एखादा फंक्शन-पॉइंटर (पुढे चालवायच्या कोडचा पत्ता) बिघडवायचा, तो आपल्या पेजकडे वळवायचा, की आपला कोड पातळी ० च्या अधिकाराने चालतो. एसएमईपी ही प्रोसेसरमधली सोय (इंटेलचा आयव्ही ब्रिज, २०१२) ही उडी अडवते. एसएमएपी (ब्रॉडवेल, २०१४) त्यापुढे जाऊन कर्नलला प्रोग्रॅमचा डेटा नुसता वाचू-लिहूही देत नाही. एआरएम प्रोसेसरवर हेच काम पीएक्सएन आणि पॅन या सोयी करतात.

सिस्टीम कॉलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो तेव्हा, कर्नलला प्रोग्रॅमचा डेटा घ्यावा लागतोच. त्यासाठी ‘कॉपी फ्रॉम यूजर’सारखी ठरलेली फंक्शने आहेत. ती ‘स्टॅक’ (एसटीएसी) या प्रोसेसरच्या सूचनेने एसएमएपीचे कुलूप क्षणभर उघडतात, नक्कल करतात आणि ‘क्लॅक’ (सीएलएसी) ने पुन्हा लावतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने हे टाळून प्रोग्रॅमने दिलेला पॉइंटर थेट वापरला, तर जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे चाललेला ड्रायव्हर नव्या सर्व्हरवर पहिल्याच कॉलला कोसळतो. मग एसएमएपी बंद करण्याचा मोह होतो. ते करू नये. चूक ड्रायव्हरची आहे, तोच दुरुस्त करावा.

कोसळल्यावर लिनक्स कन्सोलवर पेज-फॉल्टचा (मेमरीचा वापर अडल्याचा) एरर कोड हेक्समध्ये (१६ च्या पायावरील अंकांत) छापतो. तो वाचता आला की निम्मे निदान होते. ० किंवा २ म्हणजे पेज हजरच नव्हते, बहुधा शून्य पॉइंटर. १ किंवा ३ म्हणजे पेज होते पण वाचण्याची किंवा लिहिण्याची परवानगी नव्हती. ११ म्हणजे मनाई असलेल्या पेजातला कोड चालवायचा प्रयत्न झाला. सोबत पत्ताही पाहावा. तो ‘एफएफएफएफ’ने सुरू होत असेल तर पेज कर्नलचे आहे आणि ११ चा अर्थ बिट ६३ ने अडवले. पत्ता खालच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या, अर्ध्या भागातला असेल तर एसएमईपीने अडवले, आणि अशी नोंद हल्ल्याचा संशय धरूनच तपासावी.

व्हर्च्युअल मशीनमध्ये ‘प्रॉक’ फोल्डरातली ‘सीपीयूइन्फो’ फाइल उघडून फ्लॅगमध्ये (प्रोसेसरच्या सोयींच्या यादीत) एनएक्स, एसएमईपी, एसएमएपी आणि पीसीआयडी आहेत का ते पाहावे. केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) ‘केव्हीएम६४’ हे साधे सीपीयू मॉडेल ठेवले असेल, तर खालचा प्रोसेसर कितीही नवा असो, एसएमईपी आणि एसएमएपी आत दिसत नाहीत. चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता यावी म्हणून क्लस्टरचे (एकत्र जोडलेल्या सर्व्हरांचे) मॉडेल सर्वांत जुन्या सर्व्हरला जुळवलेले असते. ब्रॉडवेलपूर्व एक सर्व्हर उरला तरी सगळ्यांची एसएमएपी जाते. मॉडेल बदलल्यावर मशीन पूर्ण बंद करून सुरू करावी, आतून रीबूट पुरत नाही. पीसीआयडी सुरक्षेसाठी नसून वेगासाठी लागते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीत बिट २ ची तपासणी पूर्ण होण्याआधीच डेटा कॅशमध्ये (प्रोसेसरच्या जलद साठ्यात) माग सोडत होता. त्यावर उपाय म्हणून कर्नल आणि प्रोग्रॅम यांची पेज-टेबले वेगळी केली गेली, आणि पीसीआयडी नसेल तर प्रत्येक अदलाबदलीला टीएलबी (पेज-टेबलातल्या नोंदी जवळ ठेवणारा साठा) रिकामा करावा लागतो.

कर्नलने परवानगी काढून घेतली, पण टीएलबीतली जुनी नोंद पुसली नाही, तर तो कोअर (प्रोसेसरमधला एक स्वतंत्र गणक) जुन्याच परवानगीने चालत राहतो. म्हणून इतर कोअरनाही संदेश पाठवून नोंद पुसवून घ्यावी लागते. ज्या यंत्रावर कोअर जास्त, तिथे हा खर्च जाणवतो.

लिहिता येणाऱ्या पेजमधला कर्नलचा स्वतःचा डेटा, उदाहरणार्थ प्रोसेसच्या अधिकारांची नोंद, बदलली गेली तर यातला एकही बिट आड येत नाही. नेटवर्क किंवा स्टोरेज कार्डही मेमरीत थेट लिहिते आणि प्रोसेसरच्या पेज-टेबलाला विचारत नाही. त्याला फक्त आयओएमएमयू, म्हणजे अशा कार्डांचा मेमरी-प्रवेश तपासणारे हार्डवेअर, रोखते. इंटेलच्या सर्व्हरवर बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचे आयओएमएमयू) बंद राहिले असेल, तर बाकी सर्व फ्लॅग हजर असूनही ही बाजू उघडीच असते.