आधी जमिनीवर आखू, मग बांधू
गावाच्या आणि सोसायटीच्या सामायिक वास्तूंबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहिती

ग्रामपंचायत, शाळा समिती, वाचनालय, देवस्थान किंवा गृहनिर्माण सोसायटीच्या वतीने तुम्ही हे पत्रक वाचत असाल, तर एखादं काम तुमच्या डोक्यात घोळत असणार. सभागृह, अंगणवाडी, एसटी थांब्याजवळचं स्वच्छतागृह किंवा जुन्या इमारतीला लिफ्ट. साताऱ्यातलं आमचं पाच जणांचं वास्तुरचना कार्यालय मुख्यतः हीच कामं करतं. बंगल्यांची कामं आम्ही क्वचित घेतो.

आमचा आग्रह एकच आहे. वास्तू ज्यांच्यासाठी आहे ती सगळी माणसं, म्हणजे काठी टेकत येणारे आजोबा, कडेवर पोर असलेली आई, कमी दिसणारा विद्यार्थी, तीनचाकी सायकलवर येणारा माणूस, ही पहिली कुदळ पडायच्या आधी त्या जागेवर उभी राहून गेली पाहिजेत.

फक्कीची आखणी

नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही. ग्रामसभेत आम्ही कागद उलगडला की माना डोलतात, ठराव होतो, आणि खरी अडचण इमारत उभी राहिल्यावर कळते. म्हणून आम्ही खोदाईआधी सगळी इमारत जागेवर फक्कीने खऱ्या मापात आखतो. भिंतीच्या जागी पांढरी रेघ, दाराच्या जागी मोकळी फट, संडासाच्या भांड्याच्या जागी चार विटा. मग लोकांना सांगतो, आत चाला, बसा, वळून बघा.

एका गावात महिलांच्या स्वच्छतागृहाची अशी आखणी केली होती. कागदावर सगळ्यांचा होकार झाला होता. एक आजी दाराच्या फटीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दार पाराकडं केलंय. पारावर दिसभर बाप्ये बसत्यात. बाई जाईल का हितनं?" आम्ही त्या जागेवर तीन वेळा जाऊन आलो होतो, पण दर वेळी सकाळी, पार रिकामा असताना. आखणी पुसून दार मागच्या बाजूला घ्यायला दहा मिनिटं लागली. चौकट बसल्यावर हे लक्षात आलं असतं तर भिंत फोडावी लागली असती, आणि बहुधा कोणी फोडलीही नसती. गावात कुलूप लागलेली स्वच्छतागृहं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यातली कितीतरी पाण्यावाचून बंद पडतात, पण काही केवळ दाराच्या दिशेमुळे ओस पडतात.

दुसरी गोष्ट तीनचाकीची. बांधकामाची मानकं व्हीलचेअर धरून लिहिलेली असतात. आपल्याकडे गावात मात्र बरेच जण हाताने चालवायची तीनचाकी वापरतात. ती लांब असते, तिला वळायला जास्त जागा लागते आणि ती संडासात किंवा कार्यालयात आत जातच नाही. म्हणून आम्ही दाराशेजारी ती उभी करायला सावलीची जागा ठेवतो आणि तिथून आतपर्यंत धरायला कठडा देतो. हे आम्हाला तीनचाकी वापरणाऱ्या माणसानेच आखणीत फिरून दाखवलं.

जोतं आणि उतार

रॅम्पची मागणी आली की पहिला प्रश्न जोत्याच्या उंचीचा असतो. उतार जास्तीत जास्त १:१२ एवढा चढा चालतो, म्हणजे एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. जोतं दीड फूट असेल तर रॅम्प अठरा फूट लागतो, शिवाय वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट जागा. पायऱ्यांच्या कडेला सहा फुटांत बसवलेला रॅम्प हा रॅम्प नसतो. त्यावरून खुर्ची ढकलणाराही घसरतो. पावसाळ्यात तर तिथे मोटारसायकल चढवायलाही जिवावर येतं.

"मग जोतंच खाली घेऊ" असं काही जण सुचवतात. आपल्या पावसात ते परवडत नाही, पाणी आणि सरपटणारं दोन्ही आत येतं. जागा असेल तर आम्ही वेगळा मार्ग सुचवतो. अंगणातच भराव घालून दारापर्यंत १:२० चा हलका उतार करायचा. दीड फुटासाठी तीस फूट लांबी लागते, पण पायरी राहत नाही आणि सगळे एकाच वाटेने आत येतात. आजोबा, बाळाची गाडी, लग्नाच्या जेवणाची भांडी नेणारी हातगाडी, सगळं त्याच वाटेने. दिव्यांगांसाठी मागच्या अंगाने वेगळी वाट काढणं आम्हाला मनापासून पटत नाही. अगदीच नाइलाज असला तरच करतो.

आमच्या सुरुवातीच्या एका कामात उतार अचूक झाला होता. शेवटच्या आठवड्यात दाराला चॅनल गेट बसलं, त्याची खालची पट्टी फरशीच्या वर राहिली आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं तिथेच अडू लागली. चूक आमची होती, कारण गेट आम्ही नकाशात दाखवलंच नव्हतं. आता उंबरठा, गेटची पट्टी, पायपुसण्याचा खड्डा, गटारावरची जाळी हे सगळं नकाशात असतं, आणि काम ताब्यात देण्याआधी आम्ही स्वतः व्हीलचेअरवर बसून रस्त्यापासून संडासापर्यंत जातो.

दाराचं माप

सुतार "तीन फुटी दरवाजा" म्हणतो तेव्हा तो चौकटीच्या बाहेरून मोजतो. चौकटीची जाडी आणि उघडलेल्या फळीची जाडी गेली की हातात अडीच फूट उरतात. मोकळी वाट तीन फूट, म्हणजे ९०० मिलिमीटर हवी असेल तर चौकट साधारण साडेतीन फुटांची सांगावी लागते. तुमचं काम आमच्याकडे नसलं तरी हे एवढं सुताराला नक्की सांगा.

संडासात खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडकतं. कठड्याचा पाइप मुठीत मावेल असा, दीड इंची घ्या. रॅम्पला दोन्ही बाजूंनी दोन उंचीवर, साधारण अडीच आणि तीन फुटांवर कठडा द्या. वरचा मोठ्यांना, खालचा मुलांना आणि बुटक्या माणसांना. फरशीला पॉलिश केलेला कोटा किंवा गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल नको. बिगर पॉलिशची शहाबादी किंवा नीट रेघा ओढलेला कोबा चांगला, आणि स्वस्तही पडतो.

दिसणं आणि ऐकणं

पायरीच्या कडेला दोन इंची ठळक रंगाची पट्टी ओढली की कमी दिसणाऱ्याला ती कळते. सगळीकडे एकाच रंगाचा ग्रॅनाइट लावलेला जिना दिसतो देखणा, पण मोतीबिंदू झालेल्या माणसाला तो सपाट उतार वाटतो. स्पर्शफरशा लावत असाल तर एवढं पाहा: लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे "या वाटेने चला", गोल टिकल्यांची म्हणजे "थांबा, पुढे पायरी किंवा वळण आहे". शोभेसाठी त्या कशाही लावल्या, तर काठी टेकत येणाऱ्याला आपण चुकीचा निरोप देतो.

ऐकण्याकडे फारसं कोणी बघत नाही. पत्र्याचं छप्पर, सिमेंटच्या भिंती आणि टाइलची फरशी असलेल्या सभागृहात आवाज इतका घुमतो की श्रवणयंत्र लावणाऱ्याला शब्द वेगळे ऐकू येत नाहीत. पावसात तर कोणालाच येत नाहीत. पत्र्याखाली बांबूच्या चटईचं छत केलं, मागच्या भिंतीला खडबडीत गिलावा आणि जाड पडदे दिले, तर बराच फरक पडतो. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी ठेवू नका. चेहरा अंधारात गेला की ओठांवरून समजून घेणाऱ्याची वाट बंद होते.

सोसायट्यांसाठी, लिफ्टबद्दल

तीन-चार मजली जुन्या इमारतींकडून सध्या हीच चौकशी जास्त येते. इमारतीबाहेर लोखंडी सांगाड्यात लिफ्ट बसवता येते, पण एक गोष्ट आधी तपासा. अशी लिफ्ट बहुतेकदा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबते, कारण बाहेरची भिंत तिथेच मिळते. म्हणजे लाखो रुपये घालूनही घराच्या दारापर्यंत आठ-नऊ पायऱ्या उरतातच. ज्यांच्यासाठी लिफ्ट घेतली त्यांच्या ती उपयोगाची नाही. गॅलरीच्या बाजूने सांगाडा घेऊन थेट मजल्यावर उतरता येतं का, हे आम्ही आधी मोजून सांगतो. येत नसेल तर तेही स्पष्ट सांगतो. त्यासाठी तळमजल्यावरच्या आणि गॅलरी जाणाऱ्या सभासदांशी वेगळं बसून बोलावं लागतं, आणि ते बोलणं सर्वसाधारण सभेच्या आधी झालेलं बरं.

कायद्यात काय आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. सुगम्यतेचे, म्हणजे इमारत सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे, नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी देऊ नये, असं त्यातलं कलम ४४ सांगतं. केंद्र सरकारची सुगम्यतेची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये आली. पण मानकं पाळणं हे केवळ शिफारशीवर सोडून चालणार नाही, ती बंधनकारक हवीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात दिला. त्यामुळे आज "पुढे बघू" म्हणून सोडलेला रॅम्प उद्या तोडफोड करून बसवावा लागू शकतो.

पैसे कमी असतील तर

थांबून राहू नका, टप्पे पाडा. जोतं, उतार, दारांची रुंदी, संडास आणि सांडपाण्याची लाइन या गोष्टी नंतर बदलणं महाग पडतं, म्हणून त्या पहिल्या टप्प्यात नीट करा. रंग, छत, कपाटं, बागेचे ओटे पुढच्या वर्षी होतील. ही युक्ती आमची नाही. पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत अनेक कुटुंबांना जोतं, पाणी आणि संडासाचा गाभा बांधून दिला, पुढचं घर लोकांनी आपापल्या ऐपतीने वाढवलं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला सात-सात घरं एकेका अंगणाभोवती मांडली आणि भिंती सामायिक ठेवल्या नाहीत, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. लोक वास्तू बदलणारच, हे धरूनच आम्हीही जागा सोडतो.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तुमच्या कामाचा काही भाग त्यात बसतो का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, अंदाजपत्रक होण्याआधी विचारून घ्या.

सार्वजनिक कामाच्या पहिल्या भेटीची फी आम्ही घेत नाही, फक्त प्रवासखर्च घेतो. पुढची फी लेखी ठरते आणि टप्प्याटप्प्याने घेतली जाते. आखणीचा दिवस त्यातच धरलेला असतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पहिल्या भेटीआधी

सातबारा किंवा मालमत्तेचा उतारा, मोजणीचा नकाशा, ठरावाची प्रत आणि जुन्या इमारतीचा नकाशा असेल तर तो काढून ठेवा. नसेल तर आम्ही मोजून घेऊ. सरपंच आणि पदाधिकारी असतीलच, पण अंगणवाडी सेविका, आशाताई, सफाई करणाऱ्या ताई आणि गावातल्या दोन-तीन दिव्यांग व्यक्तींना आवर्जून बोलवा. ज्यांना यायला वाहन लागतं त्यांची सोय आदल्या दिवशीच करा. वेळ सकाळी आठच्या आधीची किंवा संध्याकाळी पाचनंतरची ठेवा, कारण रानात गेलेली माणसं तेव्हाच भेटतात. जागेवरचं गवत तेवढं काढून ठेवा. फक्की आणि दोरी आम्ही घेऊन येतो.