मग्दालीया मरीया आणि लूकच्या सातव्या अध्यायातील अनामिक स्त्री

परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी पंथाच्या, शिमोनाच्या घरी येशूच्या पायांवर आसवे ढाळणारी, ते केसांनी पुसणारी आणि त्यांना सुगंधी तेल लावणारी स्त्री सर्वांच्या ओळखीची आहे. तिची कथा पुन्हा सांगण्याचे कारण नाही. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकाचा लेखक लूक तिला ‘पापी’ म्हणतो, पण तिचे नाव देत नाही आणि पाप कोणते तेही सांगत नाही. ती वेश्या होती हे वाचणाऱ्यांनी ठरवले. तरीही प्रवचनांतून आणि नाटकांतून तिला सर्रास येशूची अनुयायी मग्दालीया मरीया म्हटले जाते, आणि ही गल्लत वर्षानुवर्षे ऐकून आता वीट आला आहे.

मग्दालीया मरीयेचे नाव लूकमध्ये प्रथम येते ते आठव्या अध्यायाच्या आरंभी, येशूबरोबर फिरणाऱ्या योहान्ना आणि सुसान्ना या स्त्रियांबरोबर. लूक तिची नव्याने ओळख करून देतो: तिच्यातून सात भुते निघाली होती. ती आधीच्याच प्रसंगातील स्त्री असती, तर अवघ्या काही ओळींनंतर त्याने तसे सांगितले असते.

खरी चूक होते ती या सात भुतांपाशी. भूत लागणे म्हणजे पाप करणे, असे समीकरण शुभवर्तमानांत कुठेही नाही. मार्कच्या नवव्या अध्यायातील मुलगा जमिनीवर कोसळतो, तोंडाला फेस आणतो, दात खातो, ताठ होतो. बाप सांगतो की हे बाळपणापासून चालले आहे आणि भूत त्याला कधी विस्तवात तर कधी पाण्यात टाकते. त्याच्या पापाची विचारणा कोणीही करत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील कनानी स्त्रीच्या भूतग्रस्त मुलीलाही कोणी पापी म्हणत नाही. भूतग्रस्तांच्या बाबतीत येशू भुताला हुकूम सोडतो, क्षमेची भाषा बोलत नाही. उलट शिमोनाच्या घरातील स्त्रीला तो पापांची क्षमा झाल्याचे सांगतो आणि तिथे भुताचा उल्लेखही नाही. आपल्या खेड्यांतही बाधा झालेल्या माणसाला देवऋष्याकडे नेतात, त्याचे चारित्र्य तपासत बसत नाहीत. सात या आकड्यावरून फार तर व्याधी किती भयंकर होती एवढेच कळते.

हे समीकरण रूढ केले ते पोप ग्रेगरी पहिले यांनी. इ. स. ५९१ मध्ये रोममधील एका प्रवचनात त्यांनी सात भुतांचा अर्थ ‘सर्व दुर्गुण’ असा लावला आणि मरीया, ती अनामिक स्त्री व येशूने मरणातून उठवलेल्या लाजराची बहीण, बेथानीची मरीया, अशा तिघींची एकच व्यक्ती केली. (बेथानीची मरीया वेगळ्याच गावची, त्यामुळे तिच्याबद्दल अधिक लिहायला नको.) पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने हे एकीकरण स्वीकारले नाही, पाश्चात्त्य चित्रकारांनी मात्र मोकळे केस आणि तेलाची कुपी मरीयेला कायमची चिकटवली.

त्या काळाच्या समाजात पाहिले तर मरीया निराळीच दिसते. स्त्रीची ओळख बहुधा नवरा, बाप किंवा मुलगा यांच्यावरून सांगत. हिची मात्र मग्दाला या गालील सरोवराकाठच्या गावावरून सांगितली जाते. येशू आणि शिष्यांचा खर्च आपल्या पैशातून भागवणाऱ्या स्त्रियांत लूक तिला पहिली मोजतो. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये असे योसेफस हा पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार लिहितो. अशा जगात योहान पुनरुत्थानाची, म्हणजे येशू मरणातून उठल्याची, पहिली साक्षीदार म्हणून तिचेच नाव घेतो, हे मला तिच्या साऱ्या कल्पित पश्चात्तापाहून कितीतरी मोलाचे वाटते. काही जण तिला येशूची पत्नी ठरवतात, त्यालाही शुभवर्तमानांत कसलाच आधार नाही.

रोमन कॅथलिक पंचांगाने १९६९ मध्ये ही चूक सुधारली आणि २०१६ मध्ये २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, सणांचा दर्जा दिला. त्या दिवशी पूर्वी लूकचा सातवा अध्याय वाचत; आता वसईतल्या आणि गोव्यातल्या चर्चमध्येही योहानाचा विसावा अध्याय, म्हणजे मरीयेच्या साक्षीचा प्रसंग, वाचतात. त्यानंतरच्या प्रवचनात शिमोनाच्या घरची स्त्री पुन्हा मरीयेच्या नावाने येते, तेव्हा अन्याय दोघींवर होतो: मरीयेची साक्ष झाकली जाते, आणि त्या अनामिक स्त्रीचे अपार प्रेम, ज्याची येशूने यजमानासमोर उघड वाखाणणी केली, ते दुसरीच्या चरित्राची नुसती प्रस्तावना होऊन बसते.