जागतिक तापमानवाढविषयक संशय : तापमान व सागरी बर्फाच्या नोंदी

पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे, किंवा ते मानवी कारणांनी वाढत आहे, हा निष्कर्ष तापमापकांच्या व सागरी बर्फाच्या नोंदींच्याच आधारे नाकारणारी अथवा त्याविषयी शंका घेणारी भूमिका. उपाययोजनांच्या खर्चाला होणारा विरोध हा वेगळा विषय असून त्याचा येथे विचार केलेला नाही. मराठवाड्यात ही शंका बहुधा दोन प्रश्नांतून पुढे येते : हिवाळ्यात परभणीचा पारा इतका खाली उतरतो, मग तापमानवाढ कुठे आहे? आणि बहात्तरचा दुष्काळ काय तापमानवाढीने पडला होता? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मिळण्यासाठी नोंदी कशा घेतल्या जातात व कशा जोडल्या जातात हे आधी पाहावे लागते.

उगम : या संशयाचा आरंभ कोठून धरावा याबाबत मतभेद आहेत. ‘आयपीसीसी’ हे हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळ १९८८ मध्ये स्थापन झाले. त्यानंतरच्या राजकीय वादात काही अभ्यासक हा आरंभ पाहतात. मोजमापाविषयीची शंका मात्र बरीच जुनी आहे. गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने १९३८ मध्ये १४७ केंद्रांच्या नोंदी एकत्र करून तापमानवाढ दाखविली व तिचा संबंध कार्बन डायऑक्साइडशी जोडला. तत्कालीन हवामानशास्त्रज्ञांना हे फारसे पटले नाही. जुनी मोजमापे कितपत विश्वसनीय आहेत, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. पुढे १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत वाढ थांबल्यासारखी झाली आणि कॅलेंडरचे म्हणणे मागे पडले. या खंडाला औद्योगिक धुरातील, सूर्यप्रकाश परत फेकणारे सल्फेट कण बऱ्याच अंशी कारणीभूत होते, असे आता सामान्यतः मानतात. संशयाचा उगम कॅलेंडरच्या काळात धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण आजचे बहुतेक आक्षेप बीजरूपाने तेथे सापडतात.

तापमानाच्या नोंदी : जमिनीवरील नोंदींविषयीचा मुख्य आक्षेप शहरांसंबंधीचा आहे. वेधशाळा मोकळ्या जागी उभी राहते, पुढे वस्ती तिच्यापर्यंत येते. डांबर व सिमेंट दिवसा घेतलेली उष्णता रात्री सोडतात आणि किमान तापमान चढते. चिकलठाण्याच्या वेधशाळेच्या परिसरात विमानतळ, औद्योगिक वसाहत आणि छत्रपती संभाजीनगर शहर यांची वाढ झालेली असल्याने तेथील आकडे वापरताना ही बाब ध्यानात घ्यावीच लागते. अमेरिकन भौतिकीविज्ञ रिचर्ड म्युलर यांनी हाच आक्षेप गांभीर्याने घेऊन २०१० च्या सुमारास ‘बर्कली अर्थ’ हा प्रकल्प हाती घेतला. शहरी प्रभाव वेगळा काढला तरी जागतिक कल जवळजवळ तोच राहिला. वाढ खरी असून ती मुख्यतः मानवी आहे, असे म्युलर यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे मान्य केले. शंका घेणाऱ्यानेच ती मोजून पाहिली, म्हणून या वादात हे उदाहरण सर्वांत मोलाचे मानले पाहिजे.

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राखाली असल्याने खरा तांत्रिक गुंता तेथे आहे. एकोणिसाव्या शतकात खलाशी लाकडी, पुढे कॅनव्हासची बादली समुद्रात सोडून पाणी वर ओढीत व त्यात तापमापक बुडवीत. माठातले पाणी गार होते तसे कॅनव्हासमधून झिरपणारे पाणी बाष्पीभवनाने निवते, त्यामुळे नोंद खऱ्या तापमानापेक्षा कमी येई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान मोजण्याची पद्धत वाढली. इंजिनघराच्या ऊबेमुळे ही नोंद किंचित जास्त येते. अलीकडच्या दशकांत मोजमापाची उपकरणे बसविलेल्या तरंगत्या बोयांनी जहाजांची जागा घेतली आणि बोयांची नोंद जहाजांच्या नोंदीपेक्षा सरासरी ०.१२ अंश से. ने कमी भरते. हे फरक दुरुस्त न करता मालिका सरळ जोडली, तर मोजण्याची पद्धत बदलल्याचा परिणाम हवामानाच्या माथी बसतो. दुरुस्त्या करूनच तापमानवाढ ‘तयार’ केली गेली, असा आरोप वारंवार होतो. वस्तुस्थिती उलट आहे. बादल्यांच्या दुरुस्तीने जुने आकडे वर सरकतात. परिणामी कच्च्या नोंदींच्या तुलनेत दुरुस्त नोंदींत शतकभराची जागतिक वाढ थोडी कमीच दिसते.

उपग्रहांनी १९७८ अखेरपासून वातावरणाच्या खालच्या थराचे तापमान अप्रत्यक्षपणे, ऑक्सिजनच्या सूक्ष्मतरंग प्रारणावरून मोजले आहे. अलाबामा विद्यापीठातील रॉय स्पेन्सर व जॉन क्रिस्टी यांच्या मालिकेत १९९० च्या दशकात वाढ जवळजवळ दिसतच नव्हती आणि संशयवाद्यांचा हा सर्वांत भक्कम आधार होता. उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली येत असल्याने मालिकेत खोटी घट शिरते, हे १९९८ मध्ये दाखविले गेले. २००५ मध्ये निरीक्षणाची स्थानिक वेळ सरकल्याबद्दलच्या दुरुस्तीत चूक आढळली व ती सुधारण्यात आली. आज याच मालिकेत दर दशकाला सुमारे ०.१५ अंश से. वाढ दिसते. इतर मालिकांपेक्षा ती कमी आहे, पण दिशा तीच आहे.

‘१९९८ नंतर तापमानवाढ थांबली’ हे विधान एका वर्षाच्या निवडीवर उभे आहे. १९९७-९८ चा एल निन्यो, म्हणजे प्रशांत महासागराचा पृष्ठभाग अधूनमधून नेहमीपेक्षा तापण्याची घटना, अतिशय प्रबळ होता. त्या शिखरापासून मोजले की पुढचा काळ सपाट दिसतो. ‘आयपीसीसी’च्या २०१३ च्या अहवालातही १९९८–२०१२ चा कल दशकाला ०.०५ अंश आणि १९५१–२०१२ चा ०.१२ अंश असा दिला होता. वाढ मंदावण्याचे काही कारण खरे होते व काही मोजमापातील होते, असे मत आता अधिक ग्राह्य दिसते. २०११–२० या दशकाचे सरासरी तापमान १८५०–१९०० च्या तुलनेत १.०९ अंशाने जास्त भरले.

सागरी बर्फाच्या नोंदी : बर्फाचा विस्तार उपग्रहांच्या नोंदींवरून मोजतात. २५ किमी.च्या आसपासच्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ असेल तर ती चौकट ‘बर्फाची’ धरून विस्तार काढतात. उन्हाळ्यात बर्फावर साचलेले पाणी उपग्रहाला समुद्रासारखे दिसते, म्हणून एका दिवसाच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. उत्तर ध्रुवीय समुद्रातील सप्टेंबरमधला किमान विस्तार २०१२ मध्ये ३३.९ लाख चौ. किमी. पर्यंत घटला आणि २०१३ मध्ये तो पुन्हा सुमारे ५० लाखांवर गेला. ‘बर्फ परतले’ असे तेव्हा म्हटले गेले. परंतु १९७९ मध्ये हाच आकडा सुमारे ७० लाख होता आणि सप्टेंबरमधील घट दशकाला १२ टक्क्यांच्या आसपास आहे. १९७९ हे मुळातच जास्त बर्फाचे वर्ष होते, हा आक्षेप काही अंशी विचारात घेण्याजोगा आहे. मात्र १९८० किंवा १९९० च्या दशकातील कोणतीही सुरुवात धरली तरी दीर्घ मुदतीचा कल घटीचाच येतो.

दक्षिण ध्रुवाकडची शंका अधिक वजनदार होती. तेथील हिवाळी विस्तार वाढत जाऊन २०१४ मध्ये २ कोटी चौ. किमी. च्या पुढे गेला. वारे, गोडे पाणी की नैसर्गिक चढउतार, याविषयी एकमत झाले नाही. २०१६ पासून चित्र पालटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये किमान विस्तार १७.९ लाख व त्याच वर्षीचा कमाल विस्तार १ कोटी ६९.६ लाख चौ. किमी. एवढाच राहिला. तरंगत्या बर्फाची ही नोंद जमिनीवरील हिमस्तरापासून वेगळी ठेवावी; समुद्रपातळीचा प्रश्न तरंगत्या बर्फाशी नव्हे, तर हिमस्तरासारख्या जमिनीवरील बर्फाशी निगडित आहे.

भारत व मराठवाडा : हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होतील, हे ‘आयपीसीसी’च्या २००७ च्या अहवालातील विधान निराधार असल्याचे जानेवारी २०१० मध्ये मंडळाने मान्य केले. त्याआधी, २००९ मध्ये, भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी हिमनद्यांविषयीच्या टिपणात अशा निष्कर्षांवर प्रश्न उपस्थित केले होते. या प्रकरणाने भारतीय संशयाला बळ मिळाले, जरी तापमानाच्या मालिकांशी त्याचा संबंध नव्हता. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१–२०१८ मध्ये भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. जागतिक सरासरीपेक्षा ही वाढ कमी असण्यामागे हवेतील सूक्ष्म कण व सिंचन यांचा वाटा मानतात.

परभणीच्या थंडीचा प्रश्न असा उलगडतो. कोरडी हवा, निरभ्र रात्र आणि उत्तरेकडचे वारे एकत्र आले की गोदावरी खोऱ्यातील मोकळ्या रानात पारा झपाट्याने उतरतो, आणि वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारातील नोंद अशाच रानातली आहे. अशा एका रात्रीवरून कल ठरत नाही. त्यासाठी अशा रात्रींची संख्या दशकांमागून दशके मोजावी लागते. दुष्काळाबाबत मात्र दोन्ही बाजूंनी घाई होते. १९७२ आणि २०१५ ही दोन्ही एल निन्योची, म्हणजे भारतात बहुधा पाऊस कमी पडण्याची, वर्षे होती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तापमानवाढीचा पुरावा म्हणून पुढे करणे बहात्तरच्या दाखल्याइतकेच अपुरे आहे. मराठवाड्याच्या पावसात वर्षागणिक इतका चढउतार असतो की त्यातून तापमानाचा कल वाचता येत नाही.

राज्य शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पातून २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पीकविम्यासाठी त्यांचे आकडे उपयोगी पडतात. हवामानाची सरासरी मात्र तीस वर्षांच्या नोंदींवर काढण्याचा संकेत असल्याने कल पाहण्यासाठी तूर्त जुन्या वेधशाळांच्याच मालिका वापराव्या लागतात.