भांडण कशावरून, टोमणा वजनावरून

भांडण विकोपाला गेले की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि बोलणे समोरच्याच्या शरीरावर घसरते, हे आपण सर्वांनीच पाहिलेले आहे. राग असतो पैसे बुडवल्याचा, खोटे बोलल्याचा किंवा दिलेला शब्द न पाळल्याचा, पण तोंडातून निघतो तो शब्द ‘जाड्या’ किंवा ‘ढोली’ असतो. नंतर कोणी हटकले तर समर्थनही ठरलेले असते : राग आला होता, आणि शिवाय त्यात खोटे काय बोललो? या समर्थनाच्या मुळाशी शरीरविज्ञानाविषयीची एक चुकीची समजूत आहे. वजन हे माणसाने स्वतःच्या खाण्यातून आणि आळसातून कमावलेले असते, तेव्हा त्यावरून त्याला बोलणे म्हणजे त्याच्या वागण्याचाच जाब विचारणे, अशी ती समजूत. ती इतकी सार्वत्रिक आहे की ज्याला बोलणी बसतात तोही अनेकदा ती मान्य करून मान खाली घालतो.

रागाने बोललेला शब्द न्याय्य ठरायचा असेल, तर निदान दोन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. ज्या गोष्टीवर बोट ठेवले तिचा घडलेल्या अपराधाशी संबंध असावा आणि ती गोष्ट समोरच्याच्या हातात असावी. पहिल्या कसोटीवर वजनाचा टोमणा लगेच नापास होतो, कारण पैसे बुडवणाऱ्याने ते वजनामुळे बुडवलेले नसतात. दुसऱ्या कसोटीबाबत मात्र सुशिक्षित माणसेही अडखळतात, आणि तेथेच विज्ञानाला सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९४९ मध्ये उंदरांचा एक असा वंश आढळला, ज्यातील काही उंदीर अखंड खात राहत आणि त्यांचे वजन सामान्य उंदराच्या सुमारे तिप्पट होई. पुढे १९६० च्या दशकात तेथेच दुसरा एक वंश सापडला, ज्यातील उंदीर तितकेच लठ्ठ असून त्यांना तीव्र मधुमेहही होत असे. डग्लस कोलमन या संशोधकाने या दोन वंशांवर जे प्रयोग केले, ते जीवशास्त्रातील सर्वांत देखण्या प्रयोगांमध्ये गणले जावेत असे मला मनापासून वाटते. त्याने दोन उंदरांच्या कुशी शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडल्या, जेणेकरून एकाचे रक्त थोडे थोडे दुसऱ्यात जात राहील. मधुमेही लठ्ठ उंदीर सामान्य उंदराला जोडला, तेव्हा सामान्य उंदराने खाणे सोडले आणि समोर अन्न असूनही तो उपासमारीने मेला. तोच मधुमेही उंदीर पहिल्या वंशातील लठ्ठ उंदराला जोडला, तेव्हा हा आयुष्यभर खा खा करणारा लठ्ठ उंदीरही खाईनासा झाला आणि उपाशी मेला. मात्र पहिल्या वंशातील लठ्ठ उंदीर सामान्य उंदराला जोडला, तेव्हा सामान्य उंदराला काहीच झाले नाही, उलट लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले.

या तीन निकालांवरून कोलमनने जो तर्क केला, तो वाचकाने थांबून पाहण्यासारखा आहे. रक्तातून वाहणारा एक पदार्थ ‘आता पुरे’ असा संदेश मेंदूला देत असला पाहिजे. पहिल्या वंशातील उंदरांना तो पदार्थ तयारच करता येत नाही, त्यामुळे बाहेरून मिळाला की ते खाणे थांबवतात. दुसऱ्या वंशातील उंदरांमध्ये तो मुबलक तयार होतो, पण त्यांच्या मेंदूत तो ओळखणारा ग्राही बिघडलेला असतो. म्हणून त्यांचे स्वतःचे खाणे थांबत नाही, पण जोडलेल्या सोबत्याच्या मेंदूवर त्या संदेशाचा भडिमार होतो. हा पदार्थ प्रत्यक्ष हाती नसताना, केवळ कोण उपाशी मेले आणि कोण जगले यावरून काढलेला हा निष्कर्ष पुढे तंतोतंत खरा ठरला. रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये संबंधित जनुक शोधून काढले, आणि त्या पदार्थाला लेप्टिन हे नाव मिळाले. हे संप्रेरक मेदपेशीच तयार करतात. शरीरात मेद किती साठला आहे याची खबर मेद स्वतःच मेंदूला देत असतो.

ही खबर पोहोचते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील आर्क्युएट केंद्रकात. तेथे दोन प्रकारच्या चेतापेशी परस्परविरोधी काम करतात. पीओएमसी नावाच्या पेशी अल्फा-एमएसएच हे पेप्टाइड (प्रथिनासारखाच, पण छोटा रेणू) सोडतात, ते पुढच्या पेशींवरील एमसी४आर या ग्राहीला जाऊन बसते आणि भूक शमते. एजीआरपी नावाच्या पेशी नेमका तोच ग्राही बंद पाडतात आणि भूक पेटते. लेप्टिन पहिल्या पेशींना चालना देते आणि दुसऱ्यांना आवरते, तर रिकाम्या जठरातून येणारे घ्रेलिन हे संप्रेरक दुसऱ्या पेशींना उत्तेजित करते. या साखळीतील एखादी कडी जन्मतःच तुटलेली असेल, तर माणूस कितीही निग्रही असला तरी भूक त्याला सोडत नाही. अशा दोषांपैकी एमसी४आर जनुकातील दोष सर्वाधिक आढळतो.

उंदरांवरून माणसाबद्दल बोलायचे का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर १९९७ मध्ये मिळाले. केंब्रिज येथील स्टीफन ओ'राहिली आणि सदफ फारूकी यांच्या गटाने एकाच कुटुंबातील दोन लहान मुलांमध्ये लेप्टिनचा जन्मजात अभाव दाखवून दिला. त्यांतील मुलीचे वजन आठव्या वर्षी ८६ किलो होते. तिला लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर बारा महिन्यांत तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले. मुलगी तीच होती, तिच्या स्वभावात कोणी संयम भरला नव्हता, फक्त एक गहाळ संप्रेरक परत मिळाले होते. तिला आधी ‘खादाड’ म्हणणाऱ्यांनी नेमका कशाला दोष दिला होता, याचा विचार करून पाहावा.

असे पूर्ण अभाव अतिशय दुर्मीळ असतात हे मान्य. बहुतेक जाड व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला अपेक्षित प्रतिसाद देत नाही. (म्हणूनच ‘लेप्टिन वाढवणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. लेप्टिन हे प्रथिन आहे, ते तोंडाने घेतले तर इतर प्रथिनांसारखे पचून जाते. चरबी वितळवणारे पट्टे आणि चुंबकीय अंगठ्या यांना तर एवढाही आधार नाही.) यंत्रणेचा खरा कल वजन उतरताना दिसतो. मेद घटला की लेप्टिन घटते, आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो. चयापचयाचे संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाच्या अंदाजानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते आणि शरीराचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो. पाच किलो उतरवलेल्या माणसाला रोज सुमारे ५०० कॅलरींची जादा भूक सोसत, पूर्वीपेक्षा काटकसरी झालेल्या शरीराशी झगडावे लागते. श्वास जसा काही क्षण ठरवून रोखता येतो, पण ठरवून कायमचा रोखता येत नाही, तसेच खाण्याचे आहे : एका जेवणावर इच्छेचा ताबा असतो, वर्षानुवर्षांच्या वजनावर तो फार कमी असतो.

सेमाग्लुटाइड या औषधाने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सिद्ध केली. आतड्यातील जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करणारे हे औषध घेणाऱ्यांचे वजन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटले, आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. या काळात त्या माणसांचे चारित्र्य आधी सुधारले आणि मग बिघडले, असे कोणी म्हणणार नाही.

येथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळता कामा नये. १९७५ नंतरच्या चार दशकांत जगातील लठ्ठपणाचे प्रमाण जवळजवळ तिप्पट झाले, आणि एवढ्या काळात जनुके बदलत नाहीत, मग दोष सवयींचाच नाही का? परिस्थिती बदलली हे खरेच आहे. स्वस्त आणि उष्मांकांनी ठासलेले अन्न, बैठे काम आणि अपुरी झोप यांनी सर्वांचेच वजन वर ढकलले. पण त्याच परिस्थितीत कोणाचे किती वाढेल, हे मोठ्या प्रमाणात जन्मजात असते. संशोधक क्लोद बूशार यांनी १९९० मध्ये एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना शंभर दिवसांच्या अवधीत ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्तीच्या दिल्या. सर्वांना सारखेच जादा अन्न मिळूनही वजनवाढ कोणाची सुमारे चार किलो, तर कोणाची तेरा किलोंहून अधिक झाली, आणि जोडीतील दोन भावांची वाढ मात्र एकमेकांशी मिळतीजुळती राहिली. तेव्हा एकाच ताटात जेवून सडपातळ राहिलेल्याने दुसऱ्याला नावे ठेवावीत, यासाठी त्याच्याकडे आधार नाही. ‘काडी’ किंवा ‘हाडांचा सापळा’ म्हणून हिणवणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण सडपातळपणाही बराचसा आनुवंशिक असतो.

‘बोलल्याशिवाय सुधारणा होत नाही’ हा बचाव तर मोजमापांनी उलटाच पाडला आहे. अपमानाने ताण वाढतो, ताणाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, आणि कॉर्टिसॉल भूक वाढवते व मेद पोटाभोवती साठण्यास हातभार लावते. २०११ मधील एका प्रयोगात जाड व्यक्तींची टर उडवणारी चित्रफीत पाहिलेल्या जाड स्त्रियांनी, साधी चित्रफीत पाहिलेल्या जाड स्त्रियांच्या तिप्पटीहून अधिक कॅलरी खाल्ल्या. अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या चार वर्षांच्या पाहणीत, वजनामुळे भेदभाव सोसलेल्या आणि सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या व्यक्ती पुढे लठ्ठ होण्याची शक्यता अडीचपट दिसली. पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण बोलण्याने माणसे बारीक होतात याला तिच्यात तिळमात्र पुष्टी नाही.

राहिला प्रश्न रागाचा. राग बाहेर काढला की माणूस मोकळा होतो, ही समजूतही तपासली गेली आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवले आणि मग काहींना, ज्याने चिडवले त्याचा विचार करत, ठोसे मारायच्या पिशवीवर राग काढू दिला. हे विद्यार्थी नंतर सर्वांत जास्त रागावलेले आढळले, आणि जे नुसते गप्प बसून राहिले होते ते तुलनेने शांत आणि कमी आक्रमक होते. म्हणजे टोमणा मारणाऱ्याच्या पदरातही स्वस्थता पडत नाही.

हा टोमणा ज्याच्यावर मारला त्याच्यापाशीच थांबत नाही. तेथे उभी असलेली प्रत्येक जाड व्यक्ती तो ऐकते, तिने काहीही केलेले नसताना. समोरचा कितीही नीच वागला असला आणि त्याला कितीही कडक शब्दांत सुनावणे योग्य असले, तरी त्याच्या अपराधाची शिक्षा या तिसऱ्या माणसाला का, याचे उत्तर मला आजवर कोणाकडून मिळालेले नाही.

कधी कधी राग खरोखरच प्रकृतीवरून असतो. घरातील मधुमेही माणूस गोळ्या घेत नाही, तपासण्या चुकवतो, आणि काळजीपोटी घरच्यांचा तोल जातो. तेथेही रागाचा विषय न घेतलेली गोळी आणि चुकवलेली तपासणी हाच आहे, आणि त्याविषयी ‘आठवडाभर गोळ्या तशाच पडून आहेत, याचा मला राग आला आहे’ असे स्पष्ट बोलता येते. या वाक्याला समोरच्याला उत्तर द्यावे लागते, आणि गोळी घेणे हे त्याच दिवशी त्याच्या हातात असते.