खासगी विद्यापीठात इकॉनॉमिक्सला अ‍ॅडमिशन: पात्रता, कागदपत्रं आणि फी भरायच्या आधी बघायच्या गोष्टी

फॉर्म कुठे भरायचा ते नंतर बघू, आधी १२वीला गणित आहे का ते सांगा. आपल्याकडे कॉमर्सला मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) असा चॉइस असतो आणि निम्मी पोरं गणितातून सुटका म्हणून एसपी घेतात, इकॉनॉमिक्स म्हणजे थिअरीच की, असं समजून. बीएससी इकॉनॉमिक्सला पहिल्याच वर्षी कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स समोर येतं, पुढे इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासायचं गणित), म्हणून काही विद्यापीठांच्या पात्रतेतच १२वीला गणित हवं असं लिहिलेलं असतं आणि काही ठिकाणी अट नसली तरी वर्गात ते धरूनच शिकवतात. बीए इकॉनॉमिक्सला ही अट बऱ्याचदा सैल असते. तेव्हा कोर्सच्या पानावरचं पात्रतेचं कलम शब्दन् शब्द वाचा, नुसतं "कोणत्याही शाखेतून १२वी पास" एवढं बघून पैसे भरू नका. मार्कांची अट साधारण ५० टक्के असते, राखीव प्रवर्गाला थोडी सवलत.

दुसरं, विद्यापीठ नेमकं कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. राज्याच्या कायद्याने झालेलं ते खासगी विद्यापीठ, पुण्याचं फ्लेम किंवा सोनीपतचं अशोका यातलं. सिम्बायोसिस, एनएमआयएमएस ही मात्र यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम ३ खालची अभिमत म्हणजे डीम्ड विद्यापीठं, पुण्यातली १९३० ची गोखले इन्स्टिट्यूटही अभिमतच. बोलताना आपण सगळ्यांना प्रायव्हेट म्हणतो पण यूजीसीच्या साइटवर दोन्हीच्या याद्या वेगळ्या आहेत, तिथे नाव सापडलं पाहिजे. आणि खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करता येत नाहीत, त्यामुळे कोणी "आमचं कॉलेज अमुक प्रायव्हेट युनिव्हर्सिटीशी संलग्न आहे" म्हणालं की तिथेच कान टवकारायचे.

आता अर्ज. इथे राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडसारखं (केंद्रीय प्रवेश फेरी) एकच पोर्टल नाही, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, तारीख वेगळी, आणि फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या कितीतरी आधी सुटतात, त्यामुळे रिझल्ट लागल्यावर बघू म्हणणाऱ्यांची पहिली फेरी हमखास हुकते. सिम्बायोसिसची सेट, एनएमआयएमएसची एनपॅट, फ्लेमची फीट, अशोकाची स्वतःची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, काही ठिकाणी सीयूईटीचा (देशपातळीवरची सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षा) स्कोअर चालतो. सेटच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, परीक्षेचं रजिस्ट्रेशन वेगळं आणि ज्या कोर्सला जायचंय त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं, दोन्हीचे पैसे वेगळे. नुसती परीक्षा देऊन बसलात तर स्कोअर हातात आणि अर्ज कुठेच नाही. टेस्टनंतर बहुतेक ठिकाणी इंटरव्ह्यू असतो, निबंध असतो. १२वीचा निकाल यायचा असेल तर प्रोव्हिजनल अ‍ॅडमिशन देतात, निकालात पात्रता बसली नाही तर ती रद्द.

कागदपत्रं म्हणाल तर १०वीची मार्कशीट, १२वीची मार्कशीट, एलसी, आधार, फोटो, आणि राज्य बोर्डातून दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, हे आयत्या वेळी आठवतं आणि मग विभागीय मंडळात धावपळ. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. राखीव जागा असेल तिथे जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेयर. फी सवलत मागायची तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पालकांचं आयटी रिटर्न. आयबी किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डवाल्यांना एआययूचं (भारतीय विद्यापीठांचा संघ) समकक्षता प्रमाणपत्र लागू शकतं. शिवाय अपार किंवा एबीसी आयडी (क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणारा विद्यार्थ्याचा नंबर), आणि विद्यार्थी व पालक दोघांचं अँटी-रॅगिंगचं हमीपत्र.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. राज्य बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आधारवर बहुधा आधी नाव आणि शेवटी आडनाव, आणि फॉर्ममध्ये फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम असे तीन डबे. मार्कशीटवरचं पहिलं म्हणून फर्स्ट नेममध्ये आडनाव टाकून मोकळे होऊ नका. स्पेलिंग १०वीच्या मार्कशीटचं ठेवा, आधारवर वेगळं असेल तर आधार आधीच दुरुस्त करून घ्या.

सीट मिळाली की चार-पाच दिवसांत पैसे भरा असा मेल येतो आणि घरातलं वातावरण एकदम तंग होतं. घाबरू नका, यूजीसीच्या २०१८ च्या नोटिफिकेशनमध्ये रिफंडचं गणित दिलेलंय: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर १०० टक्के परत (प्रोसेसिंगचे ५ टक्के, जास्तीत जास्त ५,००० रुपये कापून), शेवटचे १५ दिवस उरलेले असताना ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, त्यानंतर शून्य. डिपॉझिट मात्र पूर्ण परत. आणि मूळ मार्कशीट अडकवून ठेवता येत नाही, तपासून लगेच परत द्यायची असते. म्हणजे ती शेवटची तारीख कोणती, हे फी भरायच्या आधी लेखी विचारून ठेवा, मेलवरच.

ऑनर्स आता चार वर्षांचं, १६० क्रेडिट. तीन वर्षांनी १२० क्रेडिटवर साधी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं. "ऑनर्स विथ रिसर्च" हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. लोन काढणार असाल तर हिशोब चार वर्षांचा करा, हॉस्टेल धरून, आणि शिष्यवृत्तीवर डोळा असेल तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत ते विद्यापीठ आणि तोच कोर्स दिसतोय का ते स्वतः उघडून बघा, काउन्सेलरच्या तोंडी "हो मिळते"वर नाही.